सव्वीस गुणांची पहिली

विधान १ : मुलीचा पहिला नंबर आला की बाप खूश होतो. (खरं / खोटं)

बाप दारात उभा होता. काखेत जाड कागदाची गुंडाळी, डोळ्यांवर स्वतःच्याच दुकानातला चष्मा आणि चष्म्याच्या आत पाणी.

"माझ्या मुलीचा पहिला नंबर आला," तो म्हणाला आणि हुंदका देऊन खुर्चीत बसला.

भावोजी गोंधळले. "अभिनंदन करू की पाणी आणू?"

"पाणी," टाचणी म्हणाली.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. लोकांच्या फुगलेल्या गोष्टींना ती हळूच टोचते आणि हवा काढते, म्हणून ते चिकटलं. खाजगी तपास हा तिचा धंदा. भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघत. शेवटी बहिणीने त्यांना टाचणीच्या हवाली केलं. "यांना तुझ्या कामाला लाव. नाहीतर मीच एखादा गुन्हा करेन."

पाणी पिऊन बाप बोलायला लागला. त्याचं चष्म्याचं दुकान. बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलगी चिऊ 'प्रगत वर्गा'त शिकते. शहरभरच्या शाळांतून वेचून काढलेली मुलं, शाळेच्या वयात कॉलेजचं गणित आणि कॉलेजचं विज्ञान. सत्र संपलं की एक परीक्षा. मुलं तिला चाळणी म्हणतात, कारण जो तळाला तो वर्गाबाहेर. परत आपल्या जुन्या शाळेत.

"यंदा पन्नास विधानं दिली होती. खरं की खोटं, एवढीच खूण करायची. चिऊला सव्वीस मिळाले."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे आठ जण. सात जणांना भोपळा. एकाला एक."

भावोजींच्या हातातला तांब्या कलंडला. "अहो, प्रगत वर्ग ना हा?"

"तेच तर म्हणतात! एवढी हुशार पोरं अशी आपटतीलच कशी? म्हणून म्हणतात, चिऊने पेपर फुटल्याची थाप मारली आणि सगळ्यांना चुकीची उत्तरं वाटली. उद्या दुपारी समिती बसणार आहे. चोर ठरवून काढलं ना ताई, तर पुढे अशा कुठल्या वर्गाचं दार तिला उघडणार नाही."

"चिऊ काय म्हणते?"

"तोंडाला कुलूप."

टाचणीची नजर गुंडाळीवर गेली. "हे काय?"

"हे होय? डोळे तपासायचा तक्ता." बापाने तो सवयीने उलगडला. एका बाजूला वरून खाली बारीक होत गेलेली अक्षरं, दुसऱ्या बाजूला दुकानाची जाहिरात : हातभर मोठा काळा चष्मा आणि खाली नाव. "शाळाशाळांतून शिबिरं घेतो ना. चिऊ अक्षरं शिकली तीच या तक्त्यावरून, पुस्तक हातात यायच्या आधी. अजूनही दर वाढदिवसाला तिला समोर उभी करतो. शेवटची ओळसुद्धा एका दमात! घारीची नजर आहे पोरीची." अभिमानाने त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा पडला.

"केस घेतली," टाचणी म्हणाली.

विधान २ : शून्य मिळवायला अभ्यास लागत नाही. (खरं / खोटं)

वर्गप्रमुख उंच, वाळलेले आणि खडूने पांढरे झालेले गृहस्थ होते. पेपर त्यांनीच काढला होता, मुलांवर पहाराही त्यांनीच दिला होता. धक्क्यातून ते अजून सावरले नव्हते.

"इतकी वर्षं शिकवतोय. नापास वर्ग पाहिले, पण असा नाही. तपासताना मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. तीनदा तपासले."

"पेपर अवघड होता?"

"पुढे पुढे होता. सुरुवात सोपी. पहिलं विधान तर बघा." त्यांनी कागद पुढे केला. प्रकाशाचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा कमी असतो.

"खोटं," भावोजी ताडकन म्हणाले. "वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. हे आमच्या नातवालाही माहीत आहे."

"आणि त्या आठही जणांनी 'खरं' लिहिलंय," वर्गप्रमुख म्हणाले. "म्हणून सांगतो, आंधळेपणाने कुणाची तरी उत्तरं उतरवलीत."

"आणि तुम्हाला चिऊवर संशय आला."

"फायदा कुणाचा झाला ते बघायचं की नाही? शिवाय तिचं त्या दिवशीचं वागणं. बाकीचे घाम गाळतायत आणि बाईसाहेबांनी सगळ्यांत आधी पेपर खाली ठेवून हाताची घडी घातली. एवढा माज!"

"आधीच्या चाळण्यांत कशी होती?"

"वरच्या तिघांत, कायम. पण तेव्हा परीक्षा तोंडी असायची. एकेकाला उभं करून मी विचारायचो. तोंडी परीक्षेत मास्तरांची मर्जी चालते, अशी काही पालकांनी ओरड केली. म्हणून या वेळी पहिल्यांदाच छापील पेपर."

खिडकीबाहेरच्या व्हरांड्यातून मुलांचा आवाज येत होता. कुणीतरी एक गणित खणखणीत आवाजात वाचत होतं, बाकीचे ऐकत होते.

"हे आणखी एक खूळ," वर्गप्रमुख वैतागले. "गेल्या वर्षापासून. काहीही सोडवायचं तर आधी एकाने मोठ्याने वाचायचं. मी फळ्यावर लिहिलं तरी वाचतात. शेजारच्या वर्गाने तक्रार केली. अक्कल कॉलेजची आणि सवयी बालवाडीच्या!"

टाचणी हसली नाही.

विधान ३ : ज्याला जास्त गुण, त्याला कमी दुःख. (खरं / खोटं)

आठ मुलं एका रांगेत बसली होती. सात जण दगडासारखे शांत. आठव्याचे डोळे रडून सुजलेले. हातात कंपासपेटी घट्ट धरलेली, म्हणून वर्गात त्याला कंपासच म्हणत.

"का रे," भावोजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "तू कशाला रडतोस? यांना भोपळा, तुला एक तरी मिळाला. दुसरा आलास की!"

कंपासने बाहीने नाक पुसलं. "एकोणतिसावं चुकलं माझं."

"चुकलं? अरे, बरोबर आलेलं तेवढंच एक!"

"तेच तर म्हण..."

"तो दमलाय," शेजारची मुलगी मध्ये पडली. दोन वेण्या, गंभीर चेहरा आणि बोलणं साठीतल्या बाईचं. वर्ग तिला आजी म्हणत असे. "त्याला काही विचारू नका, काकू. लहान आहे."

"तुझ्याहून?" टाचणीने विचारलं.

"वयाने मोठा आहे. पण वय म्हणजे सगळं नव्हे."

टाचणीने आजीसमोर खुर्ची ओढली. "बरं, आजीबाई, मग तुम्ही सांगा. उत्तरं कुणी वाटली?"

"आम्ही काही सांगणार नाही."

"चिऊने?"

आजीने वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"उद्या तिला चोर म्हणून काढतील. तुम्हाला चालेल?"

आठही जणांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. काहीतरी अंगावर कोसळताना पाहावं, तसं.

"असं होईल असं..." आजी म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा तेच, "आम्ही काही सांगणार नाही."

जिन्यावर भावोजी म्हणाले, "बिचारी पोरं. फसवलं त्या मुलीने, आणि वर धमकी दिलेली दिसते."

"धमकी दिलेली माणसं अशी दिसत नाहीत, भावोजी."

"मग कशी दिसतात ही?"

"शपथ घेतलेली."

विधान ४ : जो नजर चुकवतो तो खोटं बोलतो. (खरं / खोटं)

घर दुकानाच्या मागेच होतं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ एक बाई ताठ बसली होती. बापाची धाकटी बहीण, चिऊची आत्या. तिने पायांच्या आवाजावरूनच माणसं मोजली.

"दोघं आलेत. एकाच्या डाव्या बुटाला आवाज आहे."

भावोजींनी डावा पाय मागे घेतला.

"लहान वयातच नजर गेली हिची," बाप हळू आवाजात म्हणाला. "पण फुलासारखी जपली मी. आमचे वडील गेल्यावरही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, की कुठे ठेच लागू नये."

आत्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"चिऊबद्दल सांगाल काही?" टाचणीने विचारलं.

"मला दिसत नाही, मी काय सांगणार? पूर्वी रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायची मला. वर्ष झालं असेल, बंद झालं. वेळ नसतो म्हणते."

"कसा असेल?" बाप म्हणाला. "तो अभ्यास! आणि त्यातून सवड मिळाली की कानात ती बोंडं. सारखं काहीतरी ऐकत असते. मी म्हटलं, एवढी गाणी ऐकून बहिरी होशील."

चिऊ आली. झपझप चालत, वाटेतलं स्टूल सफाईने चुकवत. बारीक अंगाची, पंधरा-सोळा वर्षांची. समोर बसली आणि बोलायला लागली, पण तिची नजर टाचणीच्या कानाच्या बाजूने भिंतीकडे जात होती.

"मीच वाटली," ती म्हणाली. "चुकीची उत्तरं. लिहून घ्या."

बापाने खुर्चीचा हात धरला. "चिऊ!"

"पेपर फुटलाय म्हणून सांगितलं त्यांना. त्यांनी विश्वास ठेवला. झालं."

"अख्खा पेपर आधी तुझ्या हातात होता तर," टाचणी म्हणाली. "पहिलं विधान काय होतं?"

"आठवत नाही."

"दुसरं?"

"नाही आठवत."

"पन्नासातलं कुठलंही एक सांग."

चिऊचे हात मांडीवर घट्ट झाले.

"मला चोर म्हणा," ती अखेर म्हणाली. "चालेल मला. फक्त आता थांबवा हे सगळं."

बाहेर पडताच भावोजींनी निकाल दिला. "संपलं. कबुली मिळाली. आणि बघितलंस ना, बोलताना एकदा डोळ्याला डोळा दिला नाही. चोराच्या मनात चांदणं!"

"तुम्ही तिच्या उजव्या बाजूला, अगदी कडेला उभे होतात. तिला खाऊचे पैसे द्यायला खिशात हात घातलात, तेव्हा तिने मान वळवली?"

"नाही. पण... हं. म्हणाली, 'पैसे नकोत काका, बाबा घेऊ देणार नाहीत.' हे तिने कसं पाहिलं?"

"तिला कडेचं चांगलं दिसतं," टाचणी म्हणाली. आणि चहाच्या टपरीकडे वळली.

विधान ५ : (हे विधान रद्द करण्यात आलं आहे. त्याऐवजी भावोजींची परीक्षा घेण्यात आली.)

"हा कागद घ्या. एक ते पन्नास आकडे घाला. प्रत्येकापुढे खरं किंवा खोटं."

"आणि प्रश्न?"

"नाहीत."

"प्रश्नच नाहीत तर उत्तरं कशाची देऊ? मला वेड्यात काढतेस?"

"द्या हो. मनाला येईल ते."

भावोजींनी चहा संपायच्या आत कागद भरला. टाचणीने वर्गप्रमुखांकडून आणलेली खरी उत्तरं शेजारी धरली आणि मोजलं.

"चोवीस."

"काय सांगतेस!" भावोजी उभेच राहिले. "म्हणजे मी प्रगत वर्गात दुसरा? तुझ्या बहिणीला आत्ता फोन लावतो."

टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. चोवीस. सव्वीस. न वाचता चोवीस.

"अगं," ते खाली बसत म्हणाले. "अगं बाई..."

"उद्या त्या आत्याला बरोबर घेऊन यायचं. तिचा हात तुम्ही धरायचा. आणि डावा बूट बदला."

समिती

(इथे विधान नाही. इथे सगळेच बोलत होते.)

लांब टेबलामागे वर्गप्रमुख आणि समितीचे दोघे. एका भिंतीला आठ मुलं. मध्ये चिऊ. बाप शिबिरातून तसाच आलेला, तक्ता काखेत. आत्या खुर्चीत, भावोजी तिच्या शेजारी.

"मुलीने गुन्हा कबूल केलाय," वर्गप्रमुख म्हणाले. "मग हे कशासाठी?"

"कारण तो तिने केलेला नाही," टाचणी म्हणाली. "सर, कुणाची तरी चुकीची उत्तरं या आठ जणांनी उतरवली, हे तुमचं म्हणणं. पहिल्या विधानापाशीच ते मोडतं. प्रकाश ध्वनीपेक्षा हळू जातो असं चिठ्ठीत लिहिलेलं दिसल्यावर यांतल्या एकानेही चिठ्ठी फेकून दिली नसती? आमच्या भावोजींनी दिली असती."

"नक्कीच," भावोजी म्हणाले.

"खरं-खोटंच्या पेपरात काहीच येत नसलेल्या माणसाला शून्य मिळत नाही. त्याला निम्मे मिळतात. पन्नासच्या पन्नास चुकवायचे तर पन्नासच्या पन्नास यायला लागतात. या सात जणांनी तुमचा पेपर पूर्ण सोडवला, सर, आणि मग प्रत्येक उत्तर उलटं लिहिलं. असे हुशार विद्यार्थी तुम्हाला पुन्हा मिळणार नाहीत."

वर्गप्रमुखांनी समोरचा एक पेपर उचलून पुन्हा वाचला.

"आणि कंपास रडत होता, कारण एकोणतिसाव्याचं खरं उत्तर त्याला माहीत नव्हतं. त्याने उलटं म्हणून लिहिलं ते नेमकं बरोबर निघालं. 'चुकलं माझं' म्हणाला तो. बरोबर आलेल्या उत्तराला चूक कोण म्हणेल? ज्याला शून्यच हवं होतं तो."

कंपासने मान खाली घातली.

"पण का?" समितीतला एक जण ओरडलाच. "स्वतःचं नुकसान कशासाठी?"

"चाळणीत तळाचा एक जातो. कुणीतरी तळाला जाणार हे यांना आधीच ठाऊक होतं. त्या कुणाला या पेपरात निम्मेच मिळणार, हेही ठाऊक होतं. तिला वाचवायचं तर बाकी सगळ्यांनी तिच्या खाली जायला हवं. कुणी दहा, कुणी पंधरा, कुणी वीस घेतले असते, तर आज आपण इथे नसतो. सगळं पचून गेलं असतं. पण ही प्रगत वर्गाची मुलं. चूकसुद्धा अचूक करायची सवय."

"दहा म्हणजे कुठले दहा?" आजी न राहवून म्हणाली. "कोण कुठले चुकवणार यावरच भांडण झालं. शून्य कसं, स्वच्छ असतं. आणि सगळेच तळाला, तर काढणार कुणाला?"

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

चिऊ पहिल्यांदाच वळली. "तुम्ही मुद्दाम...?"

"म्हणजे माझ्या मुलीला काहीच येत नव्हतं?" बाप पुढे आला. "वरच्या तिघांतली मुलगी, आणि पेपरात निम्मे? का?"

"तिने पेपर वाचला नाही," टाचणी म्हणाली. "म्हणून सगळ्यांत आधी संपवला. म्हणून तिला एकही विधान सांगता येईना. आणि यापुढचं सांगायचा हक्क माझा नाही. चिऊला सांगायचं असेल तर ती सांगेल. तिने कुणाला फसवलं नाही, एवढं सिद्ध झालं. माझं काम संपलं."

"मी सांगणार नाही," चिऊ म्हणाली.

"पेपर समोर ठेवून वाचला नाही?" वर्गप्रमुखांचा आवाज चढला. "हा परीक्षेचा अपमान आहे! मग ही इथे..."

"तिला वाचता येत नाही!" कंपास किंचाळला. "दिसत नाही तिला! समोरचं दिसत नाही! मला ती आजी समजून बोलली होती, मी आवाज देईपर्यंत!"



"खोटं आहे," बाप म्हणाला. "साफ खोटं. मी तपासतो तिचे डोळे. मी! दर वर्षी! अहो, हा माझा धंदा आहे." काखेतला तक्ता ओढून त्याने उलगडला आणि छातीसमोर धरला. "चिऊ, मागे हो. भिंतीला टेक. हं, वाच. दाखव यांना."

"बाबा, नको."

"वाच म्हणतो ना!"

चिऊ भिंतीला टेकली आणि वाचू लागली. वरचं मोठं अक्षर, मग दोन, मग तीन. चौथी ओळ, पाचवी, सहावी. कुठे अडखळली नाही. शेवटची, मुंगीएवढी ओळ एका दमात.

"बघितलंत?" बाप म्हणाला. "बघितलं?"

समितीतल्या बाईंनी तोंडाला पदर लावला होता. वर्गप्रमुख खुर्चीतून अर्धे उठून तसेच राहिले होते. आजीने डोळे मिटून घेतले होते. बापाला कळेना. त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग, सगळ्यांत शेवटी, आपल्या हातांतल्या कागदाकडे.

अक्षरं त्याच्याकडे होती. चिऊकडे होता तो काळा, हातभर मोठा चष्मा आणि दुकानाचं नाव.

त्याने तक्ता उलटा केला. पुन्हा सुलटा केला. जणू तिसरी बाजू सापडेल.

"तिला तो पाठ आहे," टाचणी हळूच म्हणाली. "अक्षरओळख व्हायच्या वयापासून. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत असणार. कडेचं दिसतं, म्हणून चालताना कळत नाही. म्हणून ती माणसाच्या कानाजवळ बघून बोलते. नजर चोरत नाही, तेवढीच नजर उरलीय. आत्याला वर्तमानपत्र वाचून दाखवणं वर्षापूर्वी थांबलं. कानातली ती गाणी नसावीत, धडे असावेत. तोंडी परीक्षेत ती वरच्या तिघांत, छापील कागदावर नाण्याच्या छापा-काट्याएवढी. आणि त्याच वर्षात वर्गाला मोठ्याने वाचायचं खूळ लागलं."

चिऊ मुलांच्या रांगेकडे बघत होती. रांगेच्या जराशी बाजूला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाहीतर मोठ्याने कशाला वाचलं असतं?" आजी रडत म्हणाली. "आम्हाला काय मनात वाचता येत नाही?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आम्हाला सांगितलंस?"

चिऊ हसायला गेली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

बापाने तक्ता टेबलावर ठेवला. तो सावकाश चालत मुलीजवळ गेला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता, अगदी मऊ.

"दप्तर घे, बाळा. घरी चल. झालं तेवढं पुरे झालं. आता डोळ्यांना अजिबात ताण नको, कुठे जायला नको. मी आहे ना. फुलासारखं..."

"बघा," चिऊ टाचणीला म्हणाली. "म्हणून म्हटलं होतं, चोर म्हणा. चोराला फक्त वर्गातून काढतात."

बापाचा हात तिच्या डोक्यावर तसाच थांबला. तो काही बोलायला गेला, पण खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आत्या उभी राहिली होती. भावोजी हात धरायला पुढे झाले, तिने नको म्हटलं.

"दादा," ती म्हणाली. "मलाही तू असाच हात लावला होतास. असाच मऊ. मी हिच्याच एवढी होते."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"हो. फार शांत होतं माझं भलं. इतकी वर्षं खिडकीत बसून मी ते ऐकतेय." तिचा आवाज चढला नाही. "तू दप्तर उचलून नेलंस, ते कुठे ठेवलंस, मी कधी विचारलं नाही. वाटलं, दादाला वाईट वाटेल."

बाप खाली बसला. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसला. भावोजींनी ती वेळेवर पुढे सरकवली म्हणून वाचला. चष्मा काढून त्याने हातात धरला. तो पुसायचं त्याला सुचेना.

वर्गप्रमुखांनी समोरचा निकालाचा कागद दुमडला. रागाचा मागमूस राहिला नव्हता. "हा निकाल रद्द," ते म्हणाले. "चाळणी पुन्हा होईल. पेपर वाचून दाखवला जाईल. नऊही जणांना, एकाच खोलीत." त्यांनी समितीकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. "आणि वर्गाचं रोजचं... ते मोठ्याने वाचणं. ते चालू द्या. शेजारच्या वर्गाला मी सांगेन."

चिऊ हलली नाही. ती बापाच्या दिशेने बघत होती, म्हणजे त्याच्या खांद्याच्या पलीकडे. तो काय म्हणतो, याची वाट बघत.

"बाबा?"

बापाने मान हलवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की एवढ्या अंतरावरून नुसती मान तिला दिसणार नाही. तो उठला, तिच्याजवळ गेला आणि मोठ्याने म्हणाला, "जा. वर्गात जा."

मुलांनी चिऊला घेरलं. कोण काय बोलतंय कुणाला कळेना. त्या गोंगाटात आत्या भिंतीचा आधार घेत टेबलापाशी आली आणि वर्गप्रमुख जिथे असतील असं वाटलं तिथे तोंड करून उभी राहिली.

"सर, वाचाल तेव्हा जरा मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "दाराजवळ एखादी खुर्ची असली तरी चालेल मला. माझी दहावी राहिलीय."